भाड्याच्या फ्लॅटमध्ये गीझरचा शॉक बसतो, फ्रिजही धड नाही. दुरुस्ती कोणाच्या खर्चाने?

फोंड्यात_नवीन

नमस्कार मंडळी. नुकतेच आम्ही साताऱ्याहून गोव्यात फोंड्याला राहायला आलो. मिस्टरांना कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, म्हणून खडपाबांधला दोन बेडरूमचा फर्निश्ड फ्लॅट घेतला. भाडं 18,000, डिपॉझिट दोन महिन्यांचं, करार 11 महिन्यांचा. घर हवेशीर आहे, शेजार चांगला आहे, पण आतल्या वस्तूंनी जीव मेटाकुटीला आणलाय.

सगळ्यात आधी गीझर. तो चालू असताना बाथरूमच्या नळाला ओला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. परवा सासूबाईंनी बादली भरायला नळ धरला आणि किंचाळून हात झटकला. भिंतीचा आधार मिळाला म्हणून पडल्या नाहीत. तेव्हापासून मी पाणी गॅसवर तापवते आणि मुलीला बाथरूममध्ये एकटं सोडत नाही. ती चार वर्षांची आहे, कशाला हात लावेल सांगता येत नाही.

दुसरा फ्रिज. वर फ्रीझरमध्ये मटार दगडासारखे आणि खाली दूध संध्याकाळपर्यंत नासलेलं. शिवाय अनवाणी उभं राहून दाराच्या पत्र्याला हात लावला की तिथेही बारीक मुंग्या येतात. तिसरा एसी, त्याचं पाणी थेट पलंगावर ठिबकतं.

घरमालक तारवटी आहेत, बोटीवर असतात. इथला व्यवहार त्यांच्या वहिनी बघतात. त्या म्हणतात, "आधीच्या भाडेकरूंनी कधी तक्रार केली नाही. करारात सर्व उपकरणे चालू स्थितीत असं लिहिलंय, त्यावर तुमची सही आहे." फ्लॅट बघायला गेलो त्या दिवशी पावसाने वीज गेली होती. काहीच चालवून बघता आलं नाही आणि वहिनी तेव्हा तिथेच होत्या. ब्रोकर कमिशन घेतल्यापासून फोन उचलत नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गीझरचं आज काय करू? खर्च कोणाचा? आणि आम्ही दुरुस्त करून पैसे भाड्यातून कापले तर चालेल का?

पर्वरीकर

ताई, आज रात्रीच मोबाईलवर घराचा व्हिडिओ काढा. प्रत्येक वस्तू चालू करून दाखवा, फ्रिजच्या आतलं दूध, पलंगावरचा ओला डाग, सगळं (गीझर सोडून, तो लावूच नका). मग तो वहिनींना आणि मालकांना दोघांनाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, तारखेसकट राहतो. आम्हाला पर्वरीत असाच वॉशिंग मशीनचा त्रास झाला होता. पहिल्या आठवड्यात पाठवलेल्या व्हिडिओमुळे घर सोडताना डिपॉझिटमधून एक रुपया कापला गेला नाही. फोनवर कितीही गोड बोलणं झालं तरी शेवटी लिहिलेलंच कामाला येतं.

मडगावचा_मेकॅनिक

ताई, पैशांचं नंतर बघू. आधी गीझरचा एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा सुरक्षा स्विच) खाली पाडा आणि त्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे घरात कोणी चुकून वर करणार नाही. एसी, फ्रिज थांबू शकतात. हे थांबू शकत नाही.

मी वीसेक वर्षं फ्रिज, एसी, गीझरचंच काम करतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून घरात दोन वेगळे दोष आहेत आणि ते एकत्र आलेत म्हणून धोका आहे. गीझरच्या आत जी कॉइल असते, म्हणजे एलिमेंट, तिच्यावर क्षार साचतो. वर्षानुवर्षं साफ केली नाही की वरची तांब्याची नळी तडकते, आत पाणी शिरतं आणि करंट पाण्यात उतरतो. हा झाला पहिला दोष आणि तो कुठल्याही जुन्या गीझरला होऊ शकतो. पण असं झालं तरी माणसाला शॉक बसता कामा नये. गीझरचा पत्रा अर्थिंगच्या हिरव्या वायरने जमिनीला जोडलेला असतो, करंटने तिकडून जायला हवं. तो तुमच्या नळावर येतोय, म्हणजे अर्थिंग तुटलंय किंवा मुळात दिलेलंच नाही. हा दुसरा आणि मोठा दोष.

फ्रिजला मुंग्या येतात हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. एमसीबी पाडल्यावर फ्रिजच्या मुंग्या गेल्या, तर समजायचं की घरातली हिरवी वायर एकमेकींना जोडलेली आहे पण खाली जमिनीपर्यंत पोचत नाही. गीझरचा करंट त्याच वायरीने फ्रिजच्या पत्र्यावर येतोय. हे हात लावून तपासू नका, इलेक्ट्रिशियनला सांगा. तो टेस्टर लावून "काही नाही, थोडंसंच आहे" म्हणाला तर त्यावर समाधान मानू नका. त्याला बल्ब लावून बघायला सांगा. फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रलमध्ये (परतीची वायर) बल्ब जितका पेटतो, जवळजवळ तितकाच फेज आणि अर्थमध्ये पेटायला हवा. मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर अर्थिंग नाही.

आपल्याकडे जांभ्याची जमीन असते. मे महिन्यात ती कोरडी ठणठणीत झाली की खड्ड्यातलं अर्थिंग कमी पडतं, तेव्हा त्यात पाणी ओततात. पण आता ऐन पावसात जमीन भिजलेली असताना शॉक येतोय. म्हणून मला खड्ड्यापेक्षा मधल्या वायरीचा संशय जास्त येतो. खाली मीटरच्या खोलीत तुमच्या फ्लॅटची हिरवी वायर कुठे जाते ते नीट बघायला लावा.

आणखी एक. तुमच्या बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का बघा. एमसीबीपेक्षा रुंद असतो आणि त्यावर 'टी' लिहिलेलं टेस्टचं बटण असतं. लोकांना वाटतं एमसीबी आहे, मग शॉक बसला तर तो पडेल. नाही पडत. 16 अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट मिलिअँपिअरमध्ये असतो, त्याने एमसीबीला काहीच होत नाही. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र तेवढ्या गळतीला क्षणात पडतो. घरात लहान मूल आणि म्हातारं माणूस असताना तो हवाच. एलिमेंट बदलणं आणि आरसीसीबी बसवणं, मजुरीसकट चार-पाच हजारांच्या आत व्हायला हवं. गीझर किती जुना आहे ते लेबलवर बघा. बऱ्याच कंपन्या टाकीला 5 ते 7 वर्षांची वॉरंटी देतात, पण बिल मालकांच्या नावावर असणार, त्यामुळे कंपनीकडे तक्रार त्यांनीच नोंदवायची.

फ्रिजचं सांगतो. फ्रीझर गार आणि खालचा कप्पा कोमट, याचा अर्थ कॉम्प्रेसर आणि गॅस बहुतेक ठीक आहेत. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज असेल तर फ्रीझरच्या मागच्या पॅनलआड बर्फ साचून थंड हवेची वाट बंद झालेली असते. फ्रिज बंद करून दारं उघडी टाका, दिवसभर बर्फ वितळू दे. नंतर खालचा भाग काही दिवस गार राहिला आणि पुन्हा बिघडला, तर डीफ्रॉस्टचा, म्हणजे बर्फ वितळवणारा, हीटर किंवा त्याचा सेन्सर गेलाय. एसीचं पाणी म्हणजे निचऱ्याची नळी तुंबलीय, साध्या सर्व्हिसिंगमध्ये होईल.

म्हापशाचा_मालक

मी भाडेकरू नाही, म्हापशात दोन फ्लॅट भाड्याने देतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

वायरिंग, अर्थिंग, गीझर हे घराचे भाग आहेत आणि राहायला आलेल्या आठवड्यातच दोष निघाला असेल तर खर्च मालकाचा. यात वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही. "आधीच्यांनी तक्रार केली नाही" याला अर्थ नाही. आधीचे कदाचित थंड पाण्याने आंघोळ करत असतील. तुमचा करार 'लीव्ह अँड लायसन्स', म्हणजे जागा नुसती वापरायच्या परवानगीचा, असेल तर 1882 च्या सुखाधिकार कायद्याचं कलम 57 बघा. जागेत लायसन्सधारकाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा दोष आहे आणि तो मालकाला माहीत आहे, तर त्याने तो सांगायलाच हवा, असं त्यात आहे. म्हणूनच लेखी कळवणं महत्त्वाचं. एकदा तुम्ही कळवलंत की "मला माहीत नव्हतं" हे मालकाला म्हणता येणार नाही.

पण भाडं परस्पर कापू नका. दुरुस्ती करून भाड्यातून वळती करण्याची सोय मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 मध्ये आहे, मात्र ती भाडेपट्ट्यासाठी, म्हणजे लीजसाठी. तुमचा कागद नेमका कोणता आहे ते बघावं लागेल, आणि आधी नोटीस देणं तिथेही आलंच. त्यापेक्षा सोपं म्हणजे संमती घ्या. असं लिहा: "वहिनी, गीझरमुळे सासूबाईंना शॉक बसला. अर्थिंग आणि गीझर तातडीने दुरुस्त करणं गरजेचं आहे. आपण इलेक्ट्रिशियन पाठवता का, की आम्ही करून घेऊन बिल पुढच्या भाड्यात वळतं करू? तपासणी आपल्यासमोर व्हावी अशी इच्छा आहे." शेवटचं वाक्य गाळू नका. मालकाच्या मनात कायम भीती असते की भाडेकरू दुरुस्तीच्या नावाखाली नवीन वस्तू उपटतोय. डोळ्यांनी बघितलं की ती भीती जाते.

एसीचं नेहमीचं सर्व्हिसिंग पुढे तुम्ही करा, पण आताचं पहिलं मालकांनी करावं. आणि पोलिस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा फॉर्म गेलाय ना, तेही बघून घ्या. उद्या भांडण झालं तर तुमचे कागद पूर्ण असलेले बरे.

फोंड्यात_नवीन

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हापशाच्या काकांनी लिहिलेला मेसेज जवळजवळ तसाच पाठवला, सोबत व्हिडिओ. वहिनी दुसऱ्या दिवशी स्वतः आल्या. इलेक्ट्रिशियनने बल्ब लावला तेव्हा फेज-अर्थमध्ये तो पेटलाच नाही. मग सगळे खाली मीटरच्या खोलीत गेलो. आमच्या मजल्यावरून आलेली हिरवी वायर अर्थिंगच्या पट्टीला जोडलेलीच नव्हती! टोकाला रंगाचे शिंतोडे असलेली काळी टेप गुंडाळून ती भिंतीलगत तशीच सोडली होती. बहुतेक रंगकामाच्या वेळी कोणीतरी काढली आणि परत लावली नाही. वहिनी ते बघून गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "माझी नातवंडं सुट्टीत याच घरात राहून गेलीत."

वायर जोडली, आरसीसीबी बसवला, एलिमेंट खराब निघालं ते बदललं. सगळं मिळून 4,300 झाले, ते त्यांनी लगेच पाठवले. फ्रिजच्या मुंग्या गेल्या. बर्फ वितळवल्यावर खाली गारवा येत होता, आज पुन्हा दूध नासलं. दुरुस्तीवाला म्हणतो गॅस भरावा लागेल. भरू का?

मडगावचा_मेकॅनिक

नको. गॅस कमी असता तर फ्रीझरही नीट गार झाला नसता, तुमचे मटार कडक आहेत. त्याला मागचं पॅनल उघडून डीफ्रॉस्टचा हीटर आणि सेन्सर मीटर लावून तपासायला सांगा, आणि खराब निघालेला भाग वहिनींना दाखवायला तुमच्याकडे ठेवून घ्या. तो गॅसवरच अडून बसला तर दुसरा माणूस बोलवा.

आणि ताई, त्या मीटरच्या खोलीत बाकीच्या फ्लॅटच्या हिरव्या वायरी पट्टीला जोडलेल्या आहेत का, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना बघायला लावा. रंगकाम सगळ्या बिल्डिंगचं एकाच वेळी झालं असणार. गणेशचवथीला घराघरांत पाहुणे येतील, त्याच्या आत झालं पाहिजे.