सह्याद्रीतल्या हवेत नक्की काय तरंगतंय? धुराचा दोष राबाला देणं बरोबर आहे का?

घाटवाट :
परवा रविवारी पहाटे सिंहगड चढलो. पुणे दरवाज्यापाशी थांबून खाली बघितलं तर खडकवासल्यापासून पार शहरापर्यंत तपकिरी थर, आणि त्याची वरची कड अशी सरळ की सुरीनं कापल्यासारखी. गड १३०० मीटरच्या आसपास, पुणं साधारण ५६० वर, म्हणजे आपण त्या थराच्या चांगलेच वर. पण दहा-साडेदहाला ऊन तापलं तशी ती सगळी घाण हळूहळू वर सरकत गडावर आली आणि घशात खवखव सुरू. जानेवारीत ही अवस्था! माझं स्पष्ट मत आहे की डोंगरातले वणवे आणि शेतकऱ्यांचं राब जाळणं (भाताच्या रोपासाठी जमिनीवर पालापाचोळा रचून भाजणं) कायद्यानं बंद झालं पाहिजे, नाहीतर घाटातली हवा शहरासारखीच होणार. तुम्हाला काय वाटतं?

मुळशीकर :
दादा, आधी एक सांगा, जानेवारीत राब कोण भाजतं? आमच्याकडं कवळ, म्हणजे झाडांच्या डहाळ्या, तोडून वाळवायचं, मग शेण, पालापाचोळा, गवत असे थर लावून वर माती टाकायची, आणि पेटवायचं ते होळीनंतर, पाऊस यायच्या आधी. तेही सगळं शेत नाही, भाताचं रोप जिथं टाकायचं ते दोन-चार गुंठे. त्यानं तणाचं बी मरतं, राख रोपाला लागते. तुम्ही बघितलेला थर शहरावर होता, तुम्हीच लिहिलंय खडकवासल्यापासून शहरापर्यंत, मग तो गडावर चढला तर दोष डोंगरातल्या माणसाचा कसा? वणव्याचं म्हणाल तर आमचीच वैरण जळते त्यात, आम्हीच फांद्या घेऊन विझवायला पळतो.

फिल्टरवाली :
मुळशीकर दादांचा महिन्याचा मुद्दा एकदम बरोबर आहे आणि त्यावरच लिहिते. एम.एस्सी.ला असताना मी दोन वर्षं हवेचे फिल्टर सांभाळलेत. क्वार्ट्झचा पांढरा गोल कागद, आधी भट्टीत तापवून कोरा करायचा, मग पंपावर लावून २४ तास हवा ओढायची. शहरातला निघायचा तो काळाकुट्ट, बोट लावलं तर डाग पडेल असा, आणि डोंगरावरचा राखाडी, उन्हाळ्यात धुळीनं तांबूस. डोळ्याला एवढंच दिसतं, खरी गंमत तो कापून पाण्यात भिजवून ते पाणी तपासल्यावर कळते.

काळा रंग काजळीचा, म्हणजे डिझेल, कोळसा, लाकूड काहीही अर्धवट जळलं की येणारा. पण बारीक कणांचा मोठा भाग धूर म्हणून बाहेरच पडलेला नसतो, तो हवेत तयार होतो. कोळसा जळताना निघालेल्या गंधकाच्या वायूचं सल्फेट होतं, गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या वायूंचं नायट्रेट, आणि दोघांना गाठतो अमोनिया, जो गोठ्यातून आणि शेतात टाकलेल्या युरियातून येतो. अमोनियम नायट्रेट थंडीत टिकतं, ऊन तापलं की बरंचसं उडून जातं. सल्फेट मात्र चांगलं चिवट, आठवडाभर हवेत राहून शेकडो किलोमीटर जातं. हिवाळ्यात आपल्याकडं वारा पूर्व-ईशान्येकडनं असतो, म्हणजे डोंगरावरच्या सल्फेटचं मूळ पार आतल्या भागातल्या औष्णिक केंद्रांच्या चिमणीतही असू शकतं. त्या चिमण्यांसाठी २०१५ मध्ये केंद्रानं नियम आणले, मुदत वाढतच गेली, आणि २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधकाचा वायू अडवणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. राबावर बंदी मागताना हेही बोललं पाहिजे.

आता लाकडाच्या धुराची खूण. सेल्युलोज जळलं की लेव्होग्लुकोसान नावाची एक साखर तयार होते, ती पेट्रोल-डिझेलमधून येत नाही. जोडीला पोटॅशियम वाढलं की वनस्पती जळल्यात हे नक्की, पण कोणी जाळल्या ते ती सांगत नाही. राब, वणवा, चूल, उसाचं पाचट, आंघोळीचा बंब, सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाकांनी पेटवलेली शेकोटी, सगळ्यांची खूण तीच. म्हणून तारीख बघावी लागते. जानेवारीत ती साखर सापडली तर संशय पाचट, गुऱ्हाळं, चुली आणि शेकोट्यांवर जातो, राबावर नाही.

कोथरूडकर :
ताई, माहिती छान आहे पण मला हा सगळा कीस काढणं पटत नाही. माझ्या मुलीला दमा आहे, थंडीत रोज सकाळी इनहेलर. तिच्या छातीला कण साखरेचा की गंधकाचा यानं काय फरक पडतो? पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांची, आपली मर्यादा घनमीटरला वर्षाच्या सरासरीला ४०, दिवसाला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये वार्षिक आकडा ५ वर आणलाय, आणि हे सगळे आकडे कणांच्या वजनाचे आहेत, कण कशाचा याचे नाहीत. जे जे जळतंय ते बंद करा, मग शहर असो की गाव. कोणाचा धूर किती हे मोजत बसलो तर पोरं मोठी होतील.

फिल्टरवाली :
दादा, मुलीची काळजी समजते आणि वजनाचं महत्त्व मी नाकारत नाही. पण आपल्याच २००९ च्या मानकांत शिसं, आर्सेनिक, निकेल आणि बेन्झोपायरीन (अर्धवट जळण्यातून येणारं विषारी रसायन) यांच्या मर्यादा वेगळ्या दिल्यात, म्हणजे कशाचा कण हे नियमालाही महत्त्वाचं वाटतं. शिवाय पावसाळ्यात डोंगरावरच्या कणांत अरबी समुद्राचं मीठ येतं, उन्हाळ्यात वाळवंटाची धूळ येते, रानातली झाडं जे वायू सोडतात त्यांचेही कण होतात. नुसत्या वजनात हे सगळं एकाच तराजूत पडतं, आणि समुद्र काही बंद करता येत नाही. घाटात उतारावर ब्रेक दाबून दाबून तांबं-लोखंड आणि टायरमधलं जस्त उडतं, ते तर इलेक्ट्रिक गाडी आली तरी पूर्ण थांबणार नाही. उपाय नेमका करायचा तर मूळ नेमकं पाहिजे.

महाबळेश्वरला आयआयटीएमची (पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेची) ढगांची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे ती याचसाठी महत्त्वाची. पावसाळ्यात तिथं ढग अक्षरशः दारातून जातात. सल्फेट आणि मीठ पाणी धरतं, त्यावर थेंब बनतो, ताज्या काजळीवर तेवढा सहज बनत नाही. कणांत काय आहे यावर ढगाचे थेंबही ठरतात.

घाटवाट :
राबाचं महिन्याचं मी चुकलो, मान्य. पण वणव्यावर ठाम आहे. मार्च-एप्रिलमध्ये राजगडाच्या वाटेवर काळे पडलेले उतार मी स्वतः बघितलेत आणि त्यातले बरेच माणसानंच लावलेले असतात, बिडी असो, ट्रेकवाल्यांची शेकोटी असो नाहीतर गवत चांगलं फुटेल म्हणून मुद्दाम. ट्रेकवाले म्हणजे आम्हीच, हेही लिहितो.

कोथरूडकर :
मी अजूनही म्हणतो की आधी बंदी, अभ्यास नंतर. पाचट जाळणाऱ्याला कुट्टी करायला यंत्र द्या, राबवाल्याला दुसरा मार्ग द्या, पण धूर थांबवा.

मुळशीकर :
दुसरा मार्ग द्या म्हणालात ते बरं वाटलं, इतके दिवस कोणी तेवढंही म्हणत नव्हतं. काही जण राब न भाजता गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर, रोप करतात, मीही मागच्या साली एका तुकड्यावर केलं, रोप चांगलं आलं पण बेणणीला, म्हणजे तण काढायला, बायकांचे चार दिवस जास्त गेले. त्याची मजुरी कोण देणार ते सांगा. आणि ताई, होळीनंतर आमच्याकडं राब लागेल तेव्हा तुमचा तो पंप घेऊन या, आधी चार दिवस लावा, भाजताना लावा, नंतर लावा.

फिल्टरवाली :
येते दादा, सरांना विचारून पंप मागते. फक्त एक राबाजवळ आणि एक रस्त्याच्या कडेला असे दोन लावू, म्हणजे शनिवार-रविवारच्या गाड्याही त्यात येतील. वीज दिवसभर असते का तेवढं कळवा, मधेच पंप बंद पडला तर २४ तासांचा फिल्टर वाया जातो.