माथेरानची लोकसंख्या इतकी कमी कशी?

प्रश्न : २०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ४,३९३ नोंदवली आहे. शनिवार-रविवारची तिथली गर्दी पाहता हा आकडा पटत नाही. यात कोणाकोणाची गणना होते?

उत्तर १ : पर्यटकांची नोंद त्यांच्या राहत्या घरी होते, त्यामुळे यात रहिवासीच येतात. कर्जत तालुक्यातील हे गाव सुमारे ८०० मीटर उंचीच्या सपाट माथ्यावर वसलेले असून चोहोबाजूंनी तुटलेले कडे असल्याने त्याला पसरायला जागाच नाही. शिवाय २००३ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असल्याने बांधकामांवर निर्बंध आहेत.

उत्तर २ : माझ्या मते खरे कारण वाहनबंदी हे आहे. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तिथून पुढे तांबड्या मातीच्या वाटेने गॅसचा सिलिंडरसुद्धा घोड्याच्या पाठीवरून किंवा हातगाडीवरून न्यावा लागतो. १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळची छोटी गाडी पर्यटकांना कौतुकाची वाटते. मात्र पावसाळ्यात ती घाटात बंद असते, हे तिथे बारमाही राहणाऱ्यालाच जाणवते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सिलिंडरचा विचार मी केलाच नव्हता.