'रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री' गाणारी खरंच 13 वर्षांची होती?

निळीशाई:
डिसेंबर लागला की हे गाणं माझ्याकडे रोज वाजतं आणि इतकी वर्षं मी धरूनच चालले होते की कोणीतरी तिशीतली बाई गातेय, आवाज कसा भरलेला, किंचित खरखरीत. काल वाचलं की ब्रेंडा लीने हे गायलं तेव्हा ती 13 वर्षांची होती. परत तीनदा ऐकलं तरी पटेना. खरंय का हे? आणि एवढं जुनं गाणं 2023 मध्ये नंबर वन झालं ते कसं काय?

तबकडी:
अगदी खरंय. जन्म 11 डिसेंबर 1944, अटलांटा. रेकॉर्डिंग झालं ऑक्टोबर 1958 मध्ये नॅशव्हिलला, निर्माता ओवेन ब्रॅडलीच्या स्टुडिओत, म्हणजे चौदा पूर्ण व्हायला अजून दोनेक महिने होते. गाणं लिहिलं जॉनी मार्क्सने, 'रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर' वाला तोच. ख्रिसमसचा मूड यावा म्हणून ब्रॅडलीने एसी लावून स्टुडिओ थंडगार केला होता आणि सजवलेलं झाडही आणून ठेवलं होतं असं ब्रेंडाने स्वतःच सांगितलंय. आणि वादक बघ ना, सॅक्सोफोनवर बूट्स रँडॉल्फ, गिटारवर हँक गारलंड, पियानोवर फ्लॉइड क्रेमर, असल्या लोकांसमोर ती पोरगी जराही दबत नाही.

तुला आलेली शंका तेव्हाच्या लोकांनाही आली होती बरं का. 1959 मध्ये ती पॅरिसला गायला गेली तेव्हा अशी वावडी उठवली होती की ही मुलगी नाहीच, 32 वर्षांची बुटकी बाई आहे!! तिच्या मॅनेजरनेच प्रसिद्धीसाठी ती पिकवली होती म्हणतात.

मध्यसप्तक:
आवाज मोठा का वाटतो तर माझ्या मते वयापेक्षा सवयीमुळे. पाच-सहा वर्षांची असल्यापासून ती स्पर्धांमधून, रेडिओवर गात होती, वडील 1953 मध्ये गेले आणि मग घर चालवायला तिचं गाणं लागायला लागलं, डेक्का या रेकॉर्ड कंपनीने करार केला तेव्हा ती जेमतेम अकराची. म्हणजे 13 व्या वर्षी ती नवखी नव्हतीच, पोटासाठी गाणारी कलाकार होती. हेडफोन लावून ऐक, शब्द उचलताना ती मध्येच गळ्यात एक हलका झटका देते, कुठे थोडी गुरगुरते आणि लगेच मोकळं सोडते. हे शिकवून येत नाही. उंची फक्त 4 फूट 9 इंच पण 'लिटल मिस डायनामाइट' हे नाव उगाच नाही पडलं.

मला मात्र ते बालपण आठवलं की गाणं ऐकताना थोडं वाईट वाटतं, खेळायच्या वयात केवढं ओझं ते.

रेडिओवेडा:
नंबर वनचं सांगतो, म्हणजे अमेरिकेच्या 'हॉट 100' या गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीतलं. 1958 ला आलं तेव्हा फार कोणी घेतलंच नाही, पुढच्या वर्षीही तेच. मग 1960 मध्ये तिचंच दुसरं गाणं 'आयम सॉरी' नंबर वन झालं, तिचं नाव घरोघरी गेलं आणि त्या डिसेंबरला हे गाणं 14 व्या नंबरपर्यंत चढलं. 1990 च्या 'होम अलोन' सिनेमामध्ये वाजलं त्यामुळे पुढच्या पिढीलाही पाठ झालं. आता चार्टमध्ये स्ट्रीमिंग धरतात त्यामुळे जुनी ख्रिसमसची गाणी दरवर्षी वर येतात, हे 2019 मध्ये दुसऱ्या नंबरवर पोचलं होतं आणि डिसेंबर 2023 मध्ये शेवटी पहिल्या. रिलीजनंतर 65 वर्षांनी! ब्रेंडा तेव्हा 78 वर्षांची, हॉट 100 वर पहिली आलेली सगळ्यात वयस्क गायिका.

त्या वर्षी नवा व्हिडिओ काढला होता तो नक्की बघ, आवाज जुनाच ठेवलाय, 78 वर्षांची आजी स्वतःच्याच 13 व्या वर्षीच्या आवाजावर ओठ हलवतेय आणि काय खुशीत आहे ती. माझ्या डोळ्यात पाणी आलं खरंच.

निळीशाई:
बघितला व्हिडिओ, दोनदा. सगळ्यांना मनापासून थँक्यू. त्यानंतर 'आयम सॉरी' लावलं तर ते ऐकून अजूनच थक्क झाले, ते किती वर्षांची असताना गायलंय?

तबकडी:
15. प्रेमभंगाचं गाणं एवढ्या लहान मुलीच्या तोंडी शोभेल का म्हणून डेक्काने ते काही काळ अडवूनच ठेवलं होतं.