हृदयविकाराच्या झटक्यानंतर डाव्या कप्प्यात गुठळी: फिरल्याने ती सुटते का, आणि गोळी किती काळ घ्यायची?

कृष्णाकाठ (प्रश्न)
माझ्या वडिलांना, वय ६२, गेल्या महिन्यात हृदयाच्या पुढच्या भिंतीचा झटका आला. रुग्णालयात पोहोचायला उशीर झाला; अँजिओप्लास्टी झाली, परंतु इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डावा कप्पा आतले किती टक्के रक्त बाहेर ढकलतो ते प्रमाण) ३० टक्क्यांवर आले आहे. आता इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) डाव्या जवनिकेच्या, म्हणजे खालच्या डाव्या कप्प्याच्या, टोकाशी गुठळी दिसल्याने ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेलच्या जोडीला ॲसिनोकुमेरॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली आहे. आई त्यांना अंगणातही फिरू देत नाही. शिवाय माझ्या मामांचे इजेक्शन फ्रॅक्शनही तेवढेच असताना त्यांना ही गोळी का दिलेली नाही, हे आम्हाला समजलेले नाही.

हृदयरोगतज्ज्ञ, कोल्हापूर
आपल्या वडिलांच्या हृदयाचे टोक आकुंचन पावत नसल्यामुळे तिथले रक्त जवळजवळ जागच्या जागी रेंगाळते; त्यातच झटक्याने आतले अस्तर दुखावलेले असते आणि त्या दिवसांत रक्ताची गोठण्याची प्रवृत्तीही वाढलेली असते. हे तिन्ही एकत्र आले की गुठळी धरते, आणि बहुतेक वेळा ती पहिल्या दोन आठवड्यांतच धरते. भिंतीला सपाट चिकटलेली गुठळी सुटण्याची भीती कमी असते, तर पोकळीत डोकावणारी किंवा हलणारी गुठळी अधिक धोक्याची मानतात. आपल्या अहवालात यांपैकी काय लिहिले आहे ते पाहावे. अंथरुणाला खिळवून ठेवल्याने गुठळी विरघळत नाही, उलट पायांत नवी गुठळी होण्याची शक्यता वाढते. तेव्हा किती चालावे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून आईंना त्यांच्याच तोंडून ऐकवावे.

मामांचा प्रश्न रास्त आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वॉरसेफ चाचणीत इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के किंवा कमी, परंतु ठोके नियमित असलेल्या २३०५ रुग्णांमध्ये वॉरफेरिन (ॲसिनोकुमेरॉलच्याच जातीची गोळी) आणि ॲस्पिरिन यांची तुलना झाली. वॉरफेरिनने मेंदूतल्या गुठळीचे झटके कमी झाले, पण गंभीर रक्तस्राव वाढले, आणि पक्षाघात, मेंदूतील रक्तस्राव व मृत्यू यांच्या एकत्रित हिशेबात फरक पडला नाही. म्हणून केवळ हृदय दुबळे आहे एवढ्यावर ही गोळी देत नाहीत. मामांना एट्रिअल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा एक विकार) असते किंवा गुठळी दिसली असती, तर निर्णय वेगळा झाला असता.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ
ही गोळी चालू असताना आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा) साधारणपणे २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. तारीख, आकडा आणि गोळीची मात्रा एकाच वहीत लिहावी, आणि शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी. पालेभाज्यांतल्या ‘के’ जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम कमी होतो म्हणून आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ रुग्णांनी मेथी, पालक, शेपू कायमचे सोडलेले असते. त्याची गरज नसते, रोजचे प्रमाण सारखे असले म्हणजे पुरते. आठवडाभर भाजी नाही आणि मग सलग तीन दिवस मेथीची भाजी, असे झाले की आकडा हलतो. गुडघेदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक मात्र मुळीच आणू नये. त्याने रक्तस्राव होऊ शकतो आणि दुबळ्या हृदयावर पाणी साठण्याचा भारही पडतो.

कृष्णाकाठ
आपणा दोघांचेही आभार. अहवालात ‘सपाट, न हलणारी’ असे लिहिले आहे. आयएनआरची गरज नसलेल्या नव्या गोळ्या चालतील का?

हृदयरोगतज्ज्ञ, कोल्हापूर
२०२० च्या एका मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासात (ज्यात रुग्णांच्या नोंदी फक्त तपासल्या जातात) नव्या गोळ्यांवरील रुग्णांमध्ये गुठळीचे तुकडे इतरत्र अडकण्याचे प्रमाण अधिक आढळले होते. त्यानंतरच्या लहान यादृच्छिक चाचण्यांत (ज्यांत कोणाला कोणती गोळी हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते) मात्र तसे दिसले नाही, आणि २०२२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने त्यांना वाजवी पर्याय म्हटले. आयएनआर स्थिर राहत असेल तर बदलण्याची घाई नको, असे माझे मत आहे. आकडा सतत खालीवर होत असेल किंवा तपासणीला लांब जावे लागत असेल, तर मूत्रपिंडाचा अहवाल घेऊन हा विषय जरूर काढावा.

गोळी साधारण तीन महिने देऊन पुन्हा इको करतात. टोक नीट दिसत नसेल तर कॉन्ट्रास्ट इको (शिरेतून द्रव्य देऊन केलेला इको) किंवा हृदयाचा एमआरआय अधिक खात्रीचा ठरतो. पुढचा निर्णय त्या चित्रावर होईल, म्हणून मधेच गोळी बंद करू नये. तिन्ही औषधे एकत्र चालू असल्याने ॲस्पिरिन केव्हा थांबवायचे, हे डॉक्टरांच्या पुढच्याच भेटीत विचारून घ्यावे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे किंवा काळी शौच होणे, यांपैकी काहीही दिसल्यास भेटीची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि ही गोळी चालू असल्याचे दारातच सांगावे.