चार कोटी अंकांच्या मूळ संख्येचं करायचं काय?

खडूधारी:
'सर्वात मोठी मूळ संख्या सापडली, आता बँकांची कुलुपं अभेद्य' ही परवाची पोस्ट वाचून राहवलं नाही. 2024 मध्ये सापडलेली 2 चा 136279841 वा घात वजा 1 ही संख्या जगजाहीर आहे. जगजाहीर किल्लीनं कुलूप कोण लावतं? बँकेच्या ऑनलाइन व्यवहारांच्या सांकेतिक कुलपाला लागतात त्या तीनेकशे अंकी, गुप्त मूळ संख्या. हिचं मोल घडणीत आहे. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून लिहा: ओळीनं 13,62,79,841 एक, मधे एकही शून्य नाही. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्यानं भागत नाही. 11 मूळ आहे, तरी 2 चा 11 वा घात वजा 1, म्हणजे 2047, ही 23 गुणिले 89.

मीटरवाला:
कुलूप राहू द्या, विजेचं बोला. 17 देशांतले हजारो जीपीयू, म्हणजे वेगवान आकडेमोडीच्या संगणक-चिप, एका संख्येसाठी राबवले. आम्ही शेताला पाणी द्यायला रात्री दोनला उठतो, कारण वीज तेव्हाच येते.

सिन्नरची लेक:
1994 मध्ये थॉमस नाइसली जुळ्या, म्हणजे दोनचाच फरक असलेल्या, मूळ संख्यांवर काम करत होते, म्हणून संगणकातल्या पेंटियम चिपचा भागाकारातला दोष सापडला.

मीटरवाला:
तीस वर्षांपूर्वीचं एक उदाहरण!

सिन्नरची लेक:
2016 चं घ्या. स्कायलेक चिपचा दोष मूळ संख्या शोधणाऱ्या प्रोग्रॅमनंच उघडा पाडला.

पाढेप्रेमी:
या संख्येत 4,10,24,320 अंक आहेत. आजच्या पोरांना हा आकडा तरी वाचता येईल का? 2019 ला दुसरीच्या पुस्तकात 'तेवीस'साठी 'वीस तीन' घुसवलं तेव्हाच गणित बुडालं. माझ्या आजीला पावकी, निमकी म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे तोंडपाठ होते.

सिन्नरची लेक:
मी प्राथमिकला शिकवते. 'त्रेसष्ट' म्हटलं की 36 लिहिणारी मुलं रोज बघते, कारण 'तीन' आधी ऐकू येतो. आणि पुस्तकात जुनी पद्धतही होती, ते का सांगत नाही?

पाढेप्रेमी:
आम्ही छड्या खाऊन शिकलोच ना!

सिन्नरची लेक:
माझा भाऊ एकोणपन्नास-एकोणसाठमध्ये अडकला, छड्या खाल्ल्या आणि चौथीत शाळा सोडली. तुम्ही शिकलात. तो नाही शिकला.

पाढेप्रेमी:
...एकोणसाठ अवघड आहे, एवढं मान्य. भाषा मोडणं मान्य नाही.

खडूधारी:
अहो, धागा कशाचा आणि चाललंय काय! मीटरवाले, कागद घ्या. 31 म्हणजे 2 चा पाचवा घात वजा 1. सुरुवात 4 नं. वर्ग करा, 2 वजा करा, 31 नं भागून बाकी ठेवा: 14, मग 8, मग 62 म्हणजे बाकी शून्य. घातांकापेक्षा दोन कमी पायऱ्यांत शून्य आलं की संख्या मूळ. चार कोटी अंकांचा निकालही याच रीतीनं लागला.

मीटरवाला:
मुलीला दाखवलं. तिनं 127, म्हणजे 2 चा सातवा घात वजा 1, घेतला: 14, 67, 42, 111, शून्य. आता 2047 घेऊन बसलीय, जेवायला उठत नाही. विजेचं म्हणणं मी सोडलेलं नाही.