"फॉरमॅट मारावं लागेल" असं दुकानदार म्हणाले होते, तरी मशीन उठलं - तुमचेही अनुभव लिहा

परवा घरच्या डेस्कटॉपने दोन रात्री जागवलं म्हणून हा धागा काढतोय. मी भुसावळचा. महिन्यातून दोनदा निळी स्क्रीन यायची, उन्हाळ्यात जास्त, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो त्यामुळे आधी उन्हालाच शिव्या दिल्या. मग वाचलं की ड्रायव्हर (विंडोजच्या पोटात बसून हार्डवेअर वगैरे चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) तपासायला विंडोजमध्येच ड्रायव्हर व्हेरिफायर म्हणून एक हत्यार आहे, विंडोज 2000 पासूनच आहे म्हणे, ते ड्रायव्हरांवर मुद्दाम ताण टाकतं आणि जो चुकला त्याला जागेवर धरून मशीन थांबवतं. मी शहाण्याने सगळेच ड्रायव्हर टिक केले. रिस्टार्ट. निळी स्क्रीन. परत रिस्टार्ट, परत निळी, डेस्कटॉप काही येईच ना. चोर सापडला पण पंचनाम्यापायी घरालाच सील लागलं अशी गत.

एफ 8 दाबून दाबून बोट दुखलं, ते विंडोज 8 पासून आपसूक चालत नाही हे नंतर कळलं. शेवटी लोगो दिसला की पॉवर बटन दाबून धरून बंद करायचं, असं ओळीने दोन-तीनदा केलं तेव्हा रिपेअरची पाटी आली. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि मग आकडा 4. सेफ मोड, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर उठणारं विंडोज. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडला आणि टाईप केलं व्हेरिफायर, स्पेस, स्लॅश रिसेट. झालं! दोन रात्री आणि एक ओळ. निळ्या स्क्रीनवर ज्या डॉट सिस फाईलचं नाव होतं त्याचा मोबाईलवर फोटो काढला होता म्हणून बरं, जुन्या अँटीव्हायरसचा ड्रायव्हर निघाला, जो मी दोन वर्षांपूर्वीच काढून टाकला असं समजत होतो.

तुमचं काय झालं ते लिहा. फसलेले किस्से पण चालतील.

आखाजी
शिरपूरला डीटीपीचं दुकान आहे माझं. ऐन लग्नसराईत नवीन मशीन घेतलं आणि मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं जुनं डोंगल (लायसनसाठी मशीनला लावायची चावी) त्यावर चालेना, ड्रायव्हरला डिजिटल सही नाही म्हणे. भाच्याने सांगितलं मामा स्टार्टअप सेटिंग्जमध्ये 7 दाब, सही तपासणं बंद होतं. दाबलं, ड्रायव्हर बसला, पत्रिका छापल्या, रात्री शटर पाडलं. सकाळी मशीन उठेना. आता ते 7 फक्त त्या एका बूटपुरतं असतं हे भाच्याने सांगायला नको? गिऱ्हाईक दारात उभं, ड्रायव्हर काढला तर डोंगल बंद, म्हणून आठ दिवस रोज सकाळी आधी अगरबत्ती, मग 7, मग काम. तिथी उरकल्यावर 7 दाबूनच आत गेलो, ड्रायव्हर उडवला आणि फॉन्टचं काम जुन्या मशीनवर नेलं, ते अजून तिथेच आहे.

केळीचा घड
रावेर. भावाच्या लॅपटॉपवर आमच्या केळीच्या गाड्यांचा सगळा हिशोब. त्याने नेटवरून कुठलं तरी "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" टाईपचं सॉफ्टवेअर टाकलं आणि लॅपटॉप लोगोवर गोल फिरत बसला. रिपेअरपर्यंत गेलो तर तिथे बिटलॉकरने (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) 48 आकडी की मागितली. आम्ही कधी बिटलॉकर लावलंच नव्हतं! मग कळलं की मायक्रोसॉफ्टचं अकाउंट टाकून सेटअप केलं की बऱ्याच लॅपटॉपला ते आपोआप लागतं आणि की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. पण अकाउंट कोणाचं? तर ज्या दुकानातून घेतला त्या पोराने घाईत स्वतःच्या मेलने उघडलेलं. तीन दिवस त्याच्या मागे. शेवटी त्याने की व्हॉट्सॲप केली, ती टाकून सिस्टीम रिस्टोअर केलं, म्हणजे विंडोज आधीच्या तारखेला होतं तसं परत नेलं, नशिबाने त्या तारखेचा पॉइंट सेव्ह होता. आता की वहीत लिहून गल्ल्यात ठेवलीय.

तापीकाठ
भो, मनं त ड्रायव्हर-बियव्हर काहीच नही व्हतं. रॅम काढी, खोडरबरघाई घासी, परत बसाडी, चालू व्हयी गयं.

धागाकर्ता
@तापीकाठ, हाहा, पण लोकांनी गोंधळू नये. लोगोसुद्धा येत नसेल, नुसतं बीप बीप होत असेल तर घ्या खोडरबर. लोगो येऊन पुढे अडकत असेल तर आधी ड्रायव्हर बघा.

सातपुडा_एक्सप्रेस
नंदुरबार, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष. माझं लिनक्स. ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर बदलला आणि काळी स्क्रीन, सबमिशन दुसऱ्या दिवशी. ग्रबच्या (मशीन चालू होताना येणाऱ्या) मेनूत ई दाबून, लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (साध्याच ग्राफिक्सवर उठ, असा हुकूम) लिहून एफ 10. जाडजूड अक्षरं आली पण आली. ड्रायव्हर पर्ज केला, म्हणजे मुळासकट काढला.

पाना_पक्कड
जळगावात रिपेअरिंग करतो, आमचीही बाजू ऐका. फॉरमॅट म्हणजे तासाभराचं काम आणि ठरलेला रेट. ड्रायव्हर शोधायला तीन तास घातले तर गिऱ्हाईक म्हणतं काय केलं तुम्ही, एक बटन तर दाबलं. त्यामुळे दुकानदार सरळ फॉरमॅट सांगतो, मीही सांगितलंय, खोटं कशाला बोलू. पण सेफ मोडही येत नसेल तर एक गोष्ट करून बघा. रिपेअरचा कमांड प्रॉम्प्ट उघडा, आधी डीआयआर (फाईलींची यादी दाखवणारी कमांड) करून विंडोज कुठल्या ड्राईव्हवर दिसतंय ते बघा, तिथे सीचं डी झालेलं असू शकतं आणि निम्मे लोक इथेच फसतात. मग डिझम या विंडोजच्याच कमांडने त्या इमेजचे, म्हणजे त्या ड्राईव्हवरच्या विंडोजचे, ड्रायव्हर मागवा, बाहेरून टाकलेले तेवढेच दिसतात, ओईएम आणि पुढे आकडा अशा नावांचे. तारीख बघून शेवटचा टाकलेला रिमूव्ह करा. गेल्या महिन्यात एका मास्तरांचं मशीन असंच उठवलं. मास्तरांनी पैसे निम्मेच दिले ते सोडा.

भरीत_पार्टी
साक्रीहून. माझं आत्ता चालू आहे, मदत करा. ड्रायव्हर काढायला एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज कसं उठावं ते ठरवायची खिडकी) सेफ बूट टिक केलं. आता दरवेळी सेफ मोडच येतो आणि तिथे पिन चालत नाही म्हणतो. पासवर्ड आठवत नाही, दोन वर्षं पिनच टाकतोय.

पाना_पक्कड
@भरीत_पार्टी, घाबरू नका. लॉगिनच्या स्क्रीनवर शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करा, रिपेअर येईल. कमांड प्रॉम्प्टमध्ये: बीसीडीएडिट, स्पेस, स्लॅश डिलीटव्हॅल्यू, स्पेस, महिरपी कंसात डिफॉल्ट, स्पेस, सेफबूट. एंटर. मग साधं उठेल, पिनही घेईल.

भरीत_पार्टी
कागदावर लिहून घेतलं. शिफ्ट दाबलं आणि लाईट गेली. आली की सांगतो.