पुस्तकावरून सबमिशन (समोरच्याला हार मानायला लावणारा पेच) शिकता येतं का? (कुस्तीतून आलेल्यांनी सांगा)

मातीतला_गडी:
रामराम मंडळी. मी बार्शीकडचा. शाळेत असल्यापासून तालमीत, नंतर मॅटवरही खेळलो. आता तिशी आली, कुस्ती सुटली, खुमखुमी काही सुटत नाही. सध्या ग्रॅपलिंगचं (पकडी आणि पेचांच्या झुंजीचं) खूळ डोक्यात आहे. इथे बीजेजेचा (ब्राझिलियन जिउ-जित्सूचा) क्लास नाही आणि पुण्याला रोज कोण जाणार? मामेभावाने साउलो रिबेरोचं ‘जिउ-जित्सू युनिव्हर्सिटी’ आणून दिलं. मी आणि चुलतभाऊ (तोही पैलवान, माझ्याहून चांगलाच जड) संध्याकाळी तालमीतल्या जुन्या मॅटवर फोटो बघून डाव लावतो. सध्या तीनच: आर्मबार (कोपराचा पेच), अमेरिकाना (खांद्याचा पेच) आणि मागून गळा आवळणं.

हातपाय अगदी फोटोतल्यासारखे ठेवतो, तरी भाऊ नुसता हसतो. आर्मबारमधून कोपर काढून घेतो. अमेरिकानाला म्हणतो, “लागतंय कुठं?” गळ्याला खोकतो, पण टॅप (हार मानली म्हणून थोपटणं) काही करत नाही. हील हूकला (टाच धरून पाय पिळायचा पेच) ताकद लागत नाही असं ऐकलंय, मग तोच आधी घ्यावा का? की पुस्तकातून हे जमणारच नाही?

डबल_लेग:
पुस्तक कपाटात ठेवा. यूट्यूबवर सगळं फुकट आहे. फोटो बघून पोहायला शिकलेला माणूस दाखवा मला.

ज्युदोवाली_नाशिक:
यूट्यूब जरूर बघा, पण या तीन डावांचं दुखणं तिथे गेल्याने बरं होणार नाही. फोटोत जोराची दिशा दिसत नाही आणि वरच्याने वजन कुठे टाकलंय तेही दिसत नाही. व्हिडिओत दिशा थोडीफार कळते, वजन तिथेही नाही. पान निदान समोर उघडं राहतं, घामेजल्या बोटांनी सारखं मागे-पुढे करावं लागत नाही. मी ज्युदो शिकवते. आमच्या वेळी फेकी शिकवायला सगळे पुढे, जमिनीवर गेल्यावर काय करायचं ते कोणी सांगत नसे. ते मी पुस्तकं मॅटच्या कडेला ठेवूनच घोटलं.

आधी पुस्तकाची अनुक्रमणिका बघा. रिबेरोने भाग पट्ट्यांप्रमाणे पाडलेत. पांढऱ्याला तग धरणं, निळ्याला सुटका, जांभळ्याला गार्ड (खालून पायांनी समोरच्याला अडवणं), तपकिरीला गार्ड ओलांडणं, आणि सबमिशन काळ्या पट्ट्याला, म्हणजे सगळ्यात शेवटी. तुम्ही थेट काळ्या पट्ट्यात शिरलात. पैलवानाला समोरच्याला दाबून ठेवता येतं, म्हणून ते अगदीच चुकीचं म्हणणार नाही. पण त्या भागात लेखक असं धरून चालतो की मधलं सगळं तुमच्या अंगात मुरलंय.

अमेरिकाना. भाऊ पाठीवर, तुम्ही आडवे त्याच्या छातीवर. त्याचा हात कोपरात काटकोनात, मनगट मॅटला चिकटलेलं, तुमचा दुसरा हात त्याच्या दंडाखालून येऊन स्वतःचंच मनगट धरतो. इथवर फोटो सांगतो. मग तुम्ही कोपर नुसतं वर उचलत असणार. खांद्यात अजून ढील आहे, आणि दोर ढिला असला की कितीही ओढा, पोहरा हलत नाही. आधी त्याचं कोपर मॅटवरूनच त्याच्या कमरेकडे सरकवा. तिथे खांदा आवळला जातो. आता मनगट न उचलता कोपर वर घ्या, तेही सावकाश. आणि तुमची छाती उचलली गेली तर सगळं फुकट, कारण त्याचा खांदा मोकळा होतो. फोटो वरून काढलेला असला तर कोपर कमरेकडे गेलंय हे कळतच नाही. बाजूने काढलेला शोधा.

आर्मबारला कोपर सुटतं कारण तुमचं बूड त्याच्या खांद्यापासून लांब पडतं. मागे झोपायची घाई असते ना, त्यात हे होतं. खांद्याला खेटून बसा, दोन्ही गुडघे एकमेकांकडे दाबा, टाचा खाली ओढा, मग मागे जा. त्याचा अंगठा छताकडे, करंगळीची बाजू तुमच्या छातीला. अंगठा फिरला की कोपराची दिशा फिरते, आणि तुम्ही भलतीकडेच जोर लावत बसता. कंबर सर्वांत शेवटी उचलायची.

गळा. तो खोकतो म्हणजे तुमची मनगटाची हाडं त्याच्या श्वासनलिकेवर आहेत. ते दुखतं, इजाही होते, आणि दांडगा माणूस तरी बराच वेळ सहन करतो. तुमच्या कोपराची खोबण त्याच्या हनुवटीच्या बरोबर खाली हवी, एका बाजूला तुमचा दंड, दुसऱ्या बाजूला पुढचा हात. दाब मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर. नीट बसला तर फार ताकद लागत नाही आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून टॅप आला की त्या क्षणी सोडायचं. अंग ढिलं पडल्यासारखं वाटलं तर टॅपची वाटही बघायची नाही. सोडल्यावर लगेच शुद्धीवर आला नाही तर दवाखाना गाठा. आला तरी त्या दिवशीचा सराव बंद. तालमीतल्या लहान पोरांवर हे करून बघू नका.

हील हूक नाही. गुडघा पिळला जातो आणि दुखायला लागेपर्यंत आतले बंध गेलेले असू शकतात. कोपर आधी ओरडून सांगतं, गुडघा सांगत नाही. ज्युदोच्या स्पर्धेत सांध्याचा पेच फक्त कोपरावर चालतो, आणि बीजेजेच्या मोठ्या स्पर्धांतही नवशिक्यांना हील हूकला बंदी असते. पुस्तक हातात धरून शिकायची ही गोष्टच नाही.

मातीतला_गडी:
ताई, लई उपकार. काल अमेरिकाना कोपर सरकवून लावला. भावाने हसायचं बंद केलं आणि टॅप पण केला!! आता उलटी गंमत सांगतो. खाली सापडलो की मी आपोआप पालथा होतो, अंगच तसं वळतं, आणि भाऊ लगेच पाठीवर बसून गळा धरतो. दर वेळी.

ज्युदोवाली_नाशिक:
ताई म्हणालास, आता अरे-तुरे करते.

तुझं अंग वस्तादांनी बरोबर वळवलंय, फक्त दुसऱ्या खेळासाठी. कुस्तीत पाठ टेकली की चीतपट, खेळ खलास. म्हणून पोट मॅटला लावायचं, मान आखडायची आणि वरच्याला घाम काढू द्यायचा. इथे पाठ टेकल्याने काहीच संपत नाही, उलट पालथा झालास की तू त्याला सगळ्यात चांगली जागा आयती दिलीस. तुझ्या पुस्तकात याबद्दल वेगळी सूचना शोधत बसू नकोस. ती पुस्तकं पैलवानांची खोड मोडायला लिहिलेली नसतात.

पांढऱ्या पट्ट्याचा भाग काढ आणि मुद्दाम पाठीवर झोपून सुरुवात कर. भावाला वर बसव. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, एका कुशीवर, गुडघा मध्ये घालायचा. सबमिशन दोघांनाही बंद. पहिले काही दिवस लाज वाटेल, तालमीतली पोरं बघून हसतील. हसू देत.

आणि तिसरा माणूस बसवा. त्याने पुस्तक वाचायचं, तुम्ही दोघांनी पुस्तकाकडे बघायचंच नाही. “डावा गुडघा कुठाय?” असं त्याने विचारावं. फोटो-क्रमाच्या शेवटच्या चित्रापासून सुरुवात करा. शेवटची पकड पक्की झाली की एक चित्र मागे, मग आणखी एक मागे. भावाने प्रतिकार करायचा, पण आधी थोडा.

चौकातला_वस्ताद:
कोल्हापूरला आम्ही डाव पुस्तकात बघून कधी शिकलो नाही. वस्ताद अंगावर घेऊन दाखवायचे, चुकलं की पाठीत धपाटा. पण पुस्तकं होती हो. बडोद्याहून मुजुमदारांनी काढलेला मराठी व्यायाम ज्ञानकोश दहा खंडांचा आहे, १९३६ पासून निघाला. तेव्हा पुस्तकाला नावं ठेवू नका.

एक विचारतो ताई. हा टॅप म्हणजे पोरं अंगावर घेतात का मनाला? आमच्यात कोणी हार म्हणत नाही.

ज्युदोवाली_नाशिक:
वस्ताद, नमस्कार. मोठमोठे मनाला लावून घेतात. १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानच्या ज्युदोपटू मासाहिको किमुराने ब्राझीलच्या जिउ-जित्सूवाल्या एलिओ ग्रेसीचा हात पिळला. हात मोडला, तरी ग्रेसीने टॅप केला नाही. शेवटी त्याच्या भावाने, कार्लोसने, टॉवेल टाकला. त्या पेचाला आज सगळे किमुरा म्हणतात. (ज्युदोच्या पुस्तकात शोधायचा तर उदे-गारामी बघा. तुमचा अमेरिकानाही त्यातच येतो, फक्त हात वरच्या बाजूला वळलेला.)

म्हणून माझ्या मॅटवर नियम आहे: पेच लावणाऱ्यानेही थांबायचं. पेच पक्का बसला हे दोघांना कळलं की सोडा आणि पुन्हा उभे राहा. पैलवानांत तर हे हवंच, कारण समोरचा टॅप करेलच याची खात्री नाही. हाताने टॅप करता आला नाही तर तोंडाने “बस” म्हणायचं, किंवा पायाने मॅट थोपटायचा.

मातीतला_गडी:
वाचायला पुतण्याला बसवलाय. दहावीत आहे, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. पण तो मध्येच “काका, आता मी” म्हणतो. त्याला घेऊ का?

ज्युदोवाली_नाशिक:
तग धरणं आणि सुटका खुशाल शिकव, दाबून धरणंही. गळा आणि सांधे नाही. आणि सोलापुरात ज्युदोचा क्लब आहे का ते शोध, महिन्यातून एक रविवार जरी गेलास तरी पुस्तकातले प्रश्न लिहून ने.